रॅप शिकायला कॉलेज कशाला, भावोजी?

गौरी जेवायच्या दिवशी हातात कढीचं भांडं घेऊन वहिनीनं मला पंक्तीतच गाठलं. "भावोजी, रॅप शिकायला कॉलेज कशाला लागतं? आणि तेही परदेशातलं?" पुतण्या बारावीत आहे. त्यानं काढलेल्या अभ्यासक्रमांच्या यादीत हिप हॉप संस्कृती (रॅप, डीजे, ब्रेकडान्स हे सगळं त्यात आलं) आणि त्यातली निर्मिती असा एक विषय होता. दादा मान खाली घालून पुरणपोळी मोडत होता, म्हणजे त्याचंही मत वहिनीचंच होतं. मी सात वर्षं तबला शिकून सोडून दिलेला माणूस. घरात गाण्याबजावण्याचं काही निघालं की सगळे मलाच पुढे करतात.

वहिनीकडे पुरावाही तयार होता. "ती ऑस्ट्रेलियाची बाई बघितली ना ऑलिंपिकमध्ये? डान्समध्ये पीएच.डी. आणि मार्क शून्य!"

मी कढी मागून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता आणि उदाहरण तर त्याहून छान. म्हणून हे सावकाशीनं लिहिलेलं उत्तर.

शून्याचा हिशेब

आधी त्या ऑस्ट्रेलियन बाईंचं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९ ऑगस्ट २०२४ रोजी महिलांची ब्रेकिंगची, म्हणजे आपण ज्याला ब्रेकडान्स म्हणतो त्याची, स्पर्धा झाली. रेगन हे नाव घेऊन उतरलेल्या रेचल गन तीन लढती खेळल्या आणि तिन्ही १८-० अशा हरल्या. नऊ परीक्षक आणि दोन फेऱ्या मिळून लढतीला १८ मतं, त्यातलं एकही त्यांना पडलं नाही. जगभर टिंगल झाली. तिला फोडणी मिळाली ती त्यांच्या पदवीची, कारण सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातून २०१७ साली त्यांनी ब्रेकिंगवरच डॉक्टरेट केली होती.

आता प्रबंधाचा विषय बघा. सिडनीतलं ब्रेकिंगचं वर्तुळ पुरुषांचं. तिथे एक बाई नाचायला उतरते तेव्हा काय होतं, हा तो विषय. डोक्यावर गिरकी कशी घ्यावी याच्याशी त्याचा संबंध नव्हता. क्रिकेटच्या समाजशास्त्रावर प्रबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकांना बुमराहसमोर उभं केलं तर पहिल्याच चेंडूवर दांडी उडेल. त्यानं प्रबंध खोटा ठरत नाही. अर्थात या प्राध्यापक स्वतःच्या पायांनी मैदानात उतरल्या होत्या, हे वहिनीच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

तर कॉलेजात हिप हॉपचे दोन अभ्यास चालतात. एकात हिप हॉप समजून घ्यायचं: इतिहास, समाज, भाषा, कायदा. दुसऱ्यात ते करायचं: बीट, म्हणजे गाण्याखालचा ताल, बनवायची, ओळी लिहायच्या, नाचायचं, भिंत रंगवायची. पुतण्याच्या अभ्यासक्रमात दोन्ही एकत्र होते आणि माझ्या मते ते तसेच असायला हवेत. हिप हॉप ही मुळात दुसऱ्याकडून घेऊन त्याचं काहीतरी करण्याची कला आहे. कुठून घेतलं आणि त्याचं काय केलं, हे दोन प्रश्न तिथे सुटे करताच येत नाहीत.

सोसायटीच्या हॉलमधली पार्टी

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातली १५२० सेजविक अव्हेन्यू ही एक साधी बहुमजली इमारत. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी तिनं इमारतीतला हॉल घेऊन पार्टी ठेवली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी वाजवायला घरचाच माणूस होता, थोरला भाऊ क्लाइव्ह. जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा, आणि टोपणनाव डीजे कूल हर्क. हिप हॉपचा वाढदिवस म्हणून आज हीच तारीख धरतात.

आता विद्यार्थ्याला पडायला हवा असा प्रश्न: हे तिथेच का झालं? त्यासाठी गाण्यांपेक्षा नगररचना आधी वाचावी लागते. रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्यानं ब्रॉंक्सच्या मधोमध क्रॉस ब्रॉंक्स एक्सप्रेसवे नेला. ते काम १९४८ ते १९७२ असं चाललं. वस्त्या चिरल्या गेल्या, हजारो कुटुंबं उठली, ज्यांना परवडलं ते उपनगरांत गेले. घरांची किंमत उतरली तशा विम्याच्या पैशासाठी घरमालकांनी इमारती पेटवून दिल्याच्या घटना घडू लागल्या. महापालिका दिवाळखोरीच्या काठावर. मागे राहिलेल्या पोरांकडे क्लबात जायला पैसे नव्हते, घरात मात्र आईबापांच्या रेकॉर्ड होत्या. गिरण्या बंद पडल्यावरचं परळ-लालबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही.

या इतिहासात दंतकथाही भरपूर आहेत. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली, दुकानं लुटली गेली. त्या रात्री गरीब पोरांच्या हाती मिक्सर (दोन रेकॉर्डांचा आवाज एकत्र करणारं डीजेचं यंत्र) आणि स्पीकर लागले, म्हणून दुसऱ्या दिवसापासून गल्लोगल्ली डीजे झाले, असं सांगतात. ग्रँडमास्टर कॅझ या जुन्या कलावंतानं आपणही त्या रात्री मिक्सर उचलल्याचं स्वतः सांगितलंय. पण एकाची आठवण म्हणजे शहराचा इतिहास नव्हे. मग तपासायचं कसं? कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००७ पासून हिप हॉपचा संग्रह आहे आणि त्यात त्या काळातल्या पार्ट्यांची हातानं बनवलेली शेकडो पत्रकं आहेत. पत्रकावर तारीख, जागा, तिकीट आणि वाजवणाऱ्यांची नावं असतात. जुलै ७७ च्या आधीची आणि नंतरची पत्रकं शेजारीशेजारी मांडून नावं मोजायची. इतिहासाचा विद्यार्थी पेशव्यांच्या दप्तरात जे करतो तेच, फक्त कागदावर मोडीऐवजी स्केचपेनची नक्षी.

नऊ सेकंद

आता हर्क त्या हॉलमध्ये काय करत होता ते जवळून बघू.

त्याच्या लक्षात आलं, की फंक आणि सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारांतल्या गाण्यांत एक जागा अशी येते जिथे गाणारा आणि बाकीची वाद्यं गप्प होतात आणि नुसते ड्रम वाजतात. याला ब्रेक म्हणतात. पोरं नेमकी याच जागेची वाट बघत उभी असत आणि ती आली की जमिनीवर उतरत. ब्रेकवर नाचणारे म्हणून बी-बॉय, बी-गर्ल आणि ब्रेकिंग. पण ब्रेक असतो काही सेकंदांचा. हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, लावल्या. एकीवरचा ब्रेक संपायच्या आत दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे. त्यानं याला मेरी-गो-राउंड नाव दिलं, म्हणजे जत्रेतला चक्री पाळणा.

ग्रँडमास्टर फ्लॅशनं हे अंदाजाचं काम गणितात बसवलं. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. त्यानं रेकॉर्डवर मेणखडूनं खूण केली, घड्याळाच्या काट्यासारखी. एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्या फिरते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. ब्रेक नऊ सेकंदांचा असेल तर बरोबर पाच फेऱ्या उलट फिरवायच्या आणि खूण होती तिथे आणायची. त्यासाठी हाताशी वेळ किती? तेवढाच, नऊ सेकंद, कारण तेवढ्यात दुसरीवरचा ब्रेक संपतो. मग हीच कसरत दुसऱ्या हातानं. रात्रभर.

खाली यंत्र फिरत असताना वरची रेकॉर्ड उलटी फिरवायची तर मध्ये निसरडं काहीतरी हवं. रबरी चटई काढून त्यानं कापडाची चकती घातली आणि इस्त्रीचा स्टार्च मारून ती कडक केली. यंत्रही मजबूत हवं. साध्या टर्नटेबलात मोटर रबरी पट्ट्यानं तबकडी फिरवते. हातानं अडवून सोडली की पट्टा घसरतो, वेग पकडायला वेळ जातो. जपानच्या मात्सुशिता कंपनीनं १९७२ साली आणलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० मध्ये पट्टाच नव्हता, मोटर थेट तबकडीखाली. घरात निवांत गाणी ऐकणाऱ्यांसाठी बनवलेली ती वस्तू डीजेंचं वाद्य होऊन बसली.

तबलावाल्यांना यातली गंमत पटकन कळेल. स्वतंत्र तबलावादनाला हार्मोनियमवर लेहरा धरतात, तीच ओळ फिरून फिरून, म्हणजे तबलजीला हवं ते करायला मोकळीक. इथे उलटं झालं: ताल फिरत राहिला आणि त्यावर शब्द मोकळे सुटले. माइकवर आधी नुसत्या आरोळ्या होत्या, मग त्यांची कवनं झाली, आणि १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' या रेकॉर्डनं रॅप न्यूयॉर्कच्या बाहेर नेलं.

हे कॉलेजात शिकवता येतं का? बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात २००४ पासून टर्नटेबलचा वर्ग आहे. हातांच्या हालचाली कागदावर उतरवायची लिपीही आहे: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रेकॉर्ड किती फिरली ते. स्क्रॅच केलं, म्हणजे रेकॉर्ड हातानं मागेपुढे घासली, की रेघ वर जाते, खाली येते, छोट्या डोंगररांगेसारखी. पलुसकर आणि भातखंड्यांनी रागांच्या बंदिशी लिपीत आणल्या तेव्हाही 'हे असं कागदावरून येतं होय?' असं म्हणणारे होतेच.

एक तपशील मला फार आवडतो. हर्क आपल्या रेकॉर्डांची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. कोणता ब्रेक वाजवतोय हे शेजारच्या डीजेला कळू नये म्हणून. जमैकात साउंड सिस्टीमवाल्यांची ही जुनी युक्ती. विद्यापीठात मात्र पहिला धडा असतो की संदर्भ द्या. हिप हॉप कॉलेजात आल्यावर जी ओढाताण झाली ती या कोऱ्या लेबलापासूनच सुरू होते.

चोरी, उसनवारी आणि बायटिंग

ऐंशीच्या दशकात दोन टर्नटेबलांचं काम सॅम्पलर या यंत्रानं घेतलं. आवाजाचा तुकडा साठवायचा, बटण दाबलं की वाजवायचा. १९८७ च्या एसपी-१२०० या यंत्रात सगळा मिळून साधारण दहाच सेकंदांचा आवाज मावत असे. पोरांनी पळवाट काढली. ३३ ची रेकॉर्ड ४५ च्या वेगानं वाजवायची, तो चिरका, भरभर आवाज साठवायचा आणि यंत्रात त्याचा वेग पुन्हा उतरवायचा. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल! या उठाठेवीत आवाज थोडा खरखरीत व्हायचा. तीच खरखर पुढे त्या काळाची ओळख झाली आणि आज लोक पैसे मोजून सॉफ्टवेअरमध्ये ती मिळवतात.

पण तुकडा कुणाचा? 'अमेन ब्रेक' नावानं ओळखला जाणारा ड्रमचा तुकडा द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या रेकॉर्डवरचा आहे. जेमतेम सहा-सात सेकंद. तो पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. रॉयल्टी म्हणून त्याला त्यातलं काही मिळालं नव्हतं. वर्गात हा तुकडा वाजवून नुसतं 'वा' म्हणून पुढे जाणारा शिक्षक मला चालणार नाही.

कायदा समजायला एक गोष्ट पक्की धरा: प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या दिवशी त्या स्टुडिओत जे टेपवर उतरलं त्याचा. तुम्ही गाणं स्वतः वाजवून घेतलंत तर पहिल्याच हक्काला हात लागतो. सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डचाच तुकडा, घेतलंत तर दोन्हींना. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं रॅपर बिझ मार्की याच्या विरोधात निकाल दिला आणि त्याची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेनं केली. बिझ मार्कीनं पुढच्या अल्बमचं नाव ठेवलं 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड', म्हणजे 'सगळ्या परवानग्या घेतल्यात हो'. २००५ मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयानं दोन सेकंदांच्या गिटारलाही परवाना लागतो असं ठरवलं, तर २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयानं ०.२३ सेकंदांच्या तुकड्यासाठी तो नको म्हटलं. वकिलांची चंगळ.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, आणि शब्द-चालीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आता समजा, पुतण्यानं कपाटातून १९६० ची एक रेकॉर्ड काढली: शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० अखेर संपला. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव. फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चाल २०६२ पर्यंत. तेव्हा 'जुनं आहे, चालतं' हे म्हणण्याआधी तीन तारखा काढायच्या.

कायद्याच्या शेजारी गल्लीचा स्वतःचा कायदाही आहे, आणि तो जास्त कडक आहे. दुसऱ्याची ओळ, दुसऱ्याची चाल, दुसऱ्याची नाचातली खास अदा जशीच्या तशी उचलली तर त्याला बायटिंग म्हणतात, आणि बायटर म्हणजे शिवी. घेतलेली वस्तू उलटीपालटी करून ओळखू येईनाशी केलीत किंवा तिला नवा अर्थ दिलात तर ते फ्लिप करणं, म्हणजे शाबासकी. म्हणजे रेकॉर्ड उचलणं मान्य, शेजाऱ्याची शैली उचलणं अमान्य. कोर्टाचा नियम जवळजवळ याच्या उलट: शैलीवर कुणाची मालकी नाही, रेकॉर्डवर आहे! हा तिढा एकदा नीट समजला की कॉपीराइटचं अर्धं पुस्तक वाचून झालं म्हणायला हरकत नाही.

सोळा खाने

आता शब्द. पुतण्याच्या वहीतल्या दोन ओळी, त्याच्या परवानगीनं:

वडापाव गार, चहा कडक
पावसात, यार, पहा सडक

मराठी शाळेत आपण वृत्त शिकतो ते अक्षरांच्या किंवा मात्रांच्या हिशेबानं. रॅपमध्ये अक्षरं मोजत नाहीत, ठोके मोजतात. एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, मिळून सोळा खाने. तबलजीला सोळा म्हटलं की तीनताल दिसतो, पण इथे खाली-भरी नाही. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर या ड्रमचा फटका असतो आणि मान त्यावर हलते. कुठल्या खान्यात अक्षर टाकायचं आणि कुठला रिकामा सोडायचा, यालाच फ्लो म्हणतात. रिकामा खानाही वाजतो, हे तबला शिकलेल्याला वेगळं सांगायला नको.

यमक बघा. 'कडक-सडक' हे कुणालाही दिसेल. पण जुळतंय ते 'चहा कडक' आणि 'पहा सडक' असं सबंध. दोन्हींत स्वर एकाच क्रमानं येतात. मधे 'गार-यार' हे आतलं यमक. आणि पहिल्या ओळीच्या 'वडापाव'मधला 'पाव' दुसऱ्या ओळीच्या 'पावसात' पुन्हा डोकावतो. हा योगायोग होता असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. एवढं सगळं जुळूनही ओळ कच्ची आहे. 'यार' भरतीचा आहे आणि 'पहा सडक' म्हणजे नेमकं काय पाहायचं? त्यानं बदलून केलं: 'पावसात ठार बुडाली सडक'. आता चित्र आलं, पण 'चहा-पहा' गेलं. काय ठेवायचं? यावर आम्ही दोघं गच्चीवर पाऊण तास भांडलो. कॉलेजातला लेखनाचा वर्ग म्हणजे हेच भांडण, फक्त समोर पंधरा जण आणि हाताशी ओळी जुळवण्याचा पन्नास वर्षांचा साठा.

याच्या जोडीला बीट. आजची सॉफ्टवेअरं तुमचा चुकार ठोका ओढून बरोबर खान्यात बसवतात, त्याला क्वांटाइझ म्हणतात. डेट्रॉइटचा जे डिला हा निर्माता ते बंद ठेवून काही ठोके किंचित मागे-पुढे राहू द्यायचा. ऐकताना वाटतं की ड्रमवाला पेंगतोय, पण बीट काही पडत नाही. तो २००६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचं बीट बनवायचं यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चूक आणि मुद्दाम केलेली चूक यांतला फरक कानाला कळणं, याला रियाजच लागतो. तिथे कॉलेज वेळ आणि यंत्रं देतं, कान देत नाही.

मार्क कसे देणार?

वहिनीचा हा खरा मुद्दा. हिप हॉपची आपली परीक्षापद्धत आहेच. सायफर, म्हणजे गोल करून उभं राहायचं आणि एकेकानं मधे यायचं. आणि बॅटल, म्हणजे समोरासमोर. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडांत शाहीर एकमेकांना कोडी घालत आणि उत्तर आलं नाही की मान खाली घालावी लागे, त्याच जातकुळीचं. निकाल गर्दी तिथल्या तिथे देते. कॉलेजात गर्दीच्या जागी गुणपत्रक येतं. पॅरिसच्या त्या स्पर्धेतही पाच निकष होते: तंत्र, शब्दसंग्रह म्हणजे हालचालींची विविधता, सफाई, संगीताची जाण, स्वतःचं वेगळेपण. म्हणजे मोजता येतं. पण मोजमाप आलं की लोक मापाप्रमाणे नाचू लागतात, ही भीती जुन्या लोकांना आहे आणि ती पोकळ नाही.

यावर सर्वांत धीट उत्तर ए. डी. कार्सन यांनी दिलं. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठात २०१७ साली त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध म्हणून ३४ गाण्यांचा रॅप अल्बम सादर केला. रॅपविषयी प्रबंध नव्हे, रॅप हाच प्रबंध. क्लेमसन उभं आहे ती जमीन एकेकाळी गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होती. हा इतिहास ज्यांच्या पूर्वजांनी भोगला, त्यांच्याच भाषेत तो मांडण्याऐवजी आधी प्राध्यापकी इंग्रजीत का उतरवायचा, असा त्यांचा प्रश्न. विद्यापीठानं पदवी दिली. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठानं त्यांना हिप हॉपचे प्राध्यापक म्हणून घेतलं आणि २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशनानं त्यांचा दुसरा एक अल्बम तज्ज्ञांकडून तपासून घेऊन प्रकाशित केला, एखादा ग्रंथ करावा तसा. मला इथे एकच गोष्ट खटकते: प्रत्येक विद्यार्थ्याकडे ३४ गाणी पेलतील एवढा विषय नसतो, आणि कार्सनचं नाव सांगून आळशी प्रकल्प खपवणारेही येणार. पण तसे गद्य प्रबंधांतही येतातच.

बाकी कॉलेजांचा इतिहास थोडक्यात. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९९१ मध्ये हिप हॉपचा वर्ग सुरू झाला. ट्रिशिया रोझ यांचं 'ब्लॅक नॉइझ' हे पुस्तक १९९४ चं. या विषयात पाऊल ठेवणाऱ्याला ते चुकत नाही. हार्वर्डमध्ये २००२ साली हिप हॉपचं संशोधन-संग्रहालय सुरू झालं. ॲरिझोना विद्यापीठानं २०१२ मध्ये तो पदवीचा दुय्यम विषय केला. २०१८ मध्ये रॅपर केंड्रिक लमार यांच्या अल्बमला संगीताचं पुलित्झर, हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, मिळालं आणि 'हे संगीत आहे का' हा वाद निदान समित्यांपुरता मिटला. उलटं उदाहरणही ध्यानात ठेवा: मिनेसोटातल्या मॅकनॅली स्मिथ या संगीत महाविद्यालयानं २००९ मध्ये हिप हॉपची पदविका सुरू केली होती, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते कॉलेजच बंद पडलं. लाखोंचं कर्ज काढण्याआधी अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकाइतकाच संस्थेचा ताळेबंदही बघावा. दादाला एवढं एकच वाक्य ऐकायचं होतं.

आणि इथे? मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानं हिप हॉपचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला, तेव्हा लोकांना संगीत विभाग सोडून तत्त्वज्ञान का, असं वाटलं होतं. मला ते बरोबर वाटतं. हिप हॉपवाले डीजे, एमसी (म्हणजे रॅप करणारा), ब्रेकिंग आणि ग्राफिटी (भिंतीवरची रंगवणी) या चार अंगांना पाचवं जोडतात ते ज्ञानाचं. अभ्यासाला सामग्री तर दारातच आहे. 'स्वदेशी' या मुंबईच्या गटानं आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात आरेतच राहणारे वारली कलावंत प्रकाश भोईर आहेत. एमसी मवाली मराठीत रॅप करतो. अमरावतीचा रॅपर १०० आरबीएच आपली बोली घेऊन राष्ट्रीय मंचावर गेला. यांच्या ओळींत शाहिरी किती आणि ब्रॉंक्स किती, हे मोजायला अमेरिकेला जावं लागत नाही.

पुतण्या अर्ज करणार आहे. असा अर्ज करायचा तर हाताशी दोन गोष्टी तयार हव्यात, असं मी त्याला सांगितलं: स्वतः केलेलं काहीतरी, आणि ते कुठून आलं, का तसं केलं याचं पानभर टिपण. त्यानं आजीची जात्यावरची ओवी फोनवर टिपली, तिचा एक तुकडा कापला, जात्याच्या घरघरीचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, केला. पारंपरिक ओवी, कुणा एकाची मालकी नाही. पण गळा आजीचा आहे, तेव्हा तिची परवानगी घे, असं मी म्हटलं. तो हेडफोन घेऊन तिच्याकडे गेला. आजीनं सगळं ऐकून घेतलं, मान दोनदा चुकीच्या ठोक्यावर हलवली आणि हेडफोन काढत विचारलं, "माझं नाव कुठे येणार यात?"